व्हीआर हेडसेट: आत्ता घ्यायचा की थांबायचं?

कॉलेजला जाणारं मूल ज्या घरात आहे, तिथं व्हीआर हेडसेटचा, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग बघायच्या यंत्राचा, विषय कधी ना कधी निघतोच. मुलगा म्हणतो, घेऊ या. वडील म्हणतात, पुढच्या वर्षी याहून चांगला येईल आणि स्वस्तही होईल, थांब. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं, त्यामुळे वाद काही मिटत नाही. इंदुरातल्या आपल्या लोकांनी हा निर्णय कसा घ्यावा, ते खाली क्रमानं लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो. हेडसेट आज जे काम करतो तेवढ्यासाठीच घ्यावा, उद्या तो काय काय करणार आहे यासाठी पैसे टाकू नयेत. आणि थांबायचं असेल तर कशासाठी थांबतोय ते नाव घेऊन सांगता आलं पाहिजे. "बघू पुढे" म्हणून थांबलं की वर्षभरानं तोच वाद पुन्हा होतो.

पहिली पायरी: काम ठरवा

कुठला मॉडेल, किती जीबी, हे सगळं बाजूला ठेवा. कागद घ्या आणि लिहा: हेडसेट घरात आला, तर नवलाई ओसरल्यावरच्या एखाद्या साध्या आठवड्यात तो कोण, कोणत्या वेळी, कशासाठी डोक्यावर चढवेल? नाव, वेळ आणि काम, तिन्ही लिहिता आलं पाहिजे. "सगळेच वापरतील" असं लिहिलं गेलं, तर बहुतेक वेळा तो कपाटावर जाऊन बसतो.

काही कामांसाठी हेडसेट आज खरोखर उपयोगी आहे. हालचालीचे खेळ हे त्यातलं पहिलं. "बीट सेबर"सारख्या खेळात तालावर समोरून येणारे ठोकळे हातांनी कापत जायचं असतं आणि वीस मिनिटांत अंग घामानं भिजतं. जिमला जायचा कंटाळा असणाऱ्या, पण खेळायला तयार असणाऱ्या माणसाला हे जमतं.

दुसरं काम वास्तुरचनाकारांचं आणि इंटिरियरवाल्यांचं. निपानियाकडं नाहीतर सुपर कॉरिडॉरला प्लॉट घेतलेल्या गिऱ्हाइकाला कागदावरचा नकाशा वाचता येत नाही, पण ट्विनमोशन किंवा एन्स्केपमध्ये तयार केलेल्या स्वयंपाकघरात त्याला उभं केलं की ओटा उंच होतोय, खिडकी चुकीच्या भिंतीला आहे, हे तो स्वतःच सांगतो. वीट लागण्याआधी चूक कळणं म्हणजे थेट पैशांची बचत. असं काम करणाऱ्यांनी थांबायचं कारण मला तरी दिसत नाही. मात्र ही सॉफ्टवेअरं चांगल्या ग्राफिक्स कार्डाच्या कॉम्प्युटरवर चालतात. तो आधीच ऑफिसात असेल तर हेडसेटचा खर्च पेलतो, नसेल तर हिशोब बदलतो.

तिसरे म्हणजे विद्यार्थी, ज्यांना व्हीआरची ॲप बनवायला शिकायचंय. त्यांनी आज हेडसेट घेऊ नये, आज शिकायला सुरुवात करावी. युनिटी या ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हेडसेटशिवाय काम तपासायची सोय आहे. कीबोर्ड आणि माऊसनं डोकं आणि हात हलवून बघता येतात. हेडसेट बनवणाऱ्या मेटाचाही (फेसबुकवाली कंपनी) कॉम्प्युटरवर चालणारा सिम्युलेटर आहे. एक खोली, उचलता येणाऱ्या चार वस्तू आणि उघडणारं एक दार, एवढं लॅपटॉपवर पुरं करून दाखवा आणि मग घरच्यांकडं हेडसेट मागा. तोपर्यंत हे काम आपल्याला खरंच आवडतंय का, ते तुमचं तुम्हालाच कळलेलं असेल.

सिनेमे आणि क्रिकेट बघण्यासाठी घेत असाल तर माझा सल्ला सरळ आहे: टीव्ही घ्या. हेडसेटमध्ये पडदा भव्य दिसतो हे खरं, पण तो एकट्यालाच दिसतो, अर्धा किलो वजन चेहऱ्यावर असतं आणि बॅटरी दोन-सव्वादोन तासांत उतरते. एकत्र बसून मॅच बघणाऱ्या घरात हे चालणार नाही.

आणि "मुलांच्या अभ्यासाला" या कारणावर जरा थांबून विचार करा. शरीराच्या आतली रचना, ग्रहमाला, जुन्या वास्तू दाखवणारी चांगली ॲप आहेत, पण ती बहुतेक इंग्रजीत आहेत आणि आपल्या अभ्यासक्रमाला धरून नाहीत. शिवाय वयाची अट आहे. मेटाच्या हेडसेटला किमान 10 वर्षं, तेही पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यावर; सोनीच्या हेडसेटला 12 वर्षं. मूल आठ वर्षांचं असेल तर थांबा, दोन वर्षं थांबा. यात घासाघीस करू नका.

दुसरी पायरी: तीन जाती ओळखा

दुकानात "व्हीआर" या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू विकतात.

पहिली म्हणजे फोन घालायचं खोकं. गूगलनं 2014 साली पुठ्ठ्याचं कार्डबोर्ड काढलं, तेव्हापासून ही जात आहे. जिओनं 2023 मध्ये क्रिकेट दाखवण्यासाठी काढलेलं जिओडाइव्ह याच जातीचं, 1,299 रुपयांचं. यात मान फिरवली की चित्र फिरतं, पण पाऊल पुढं टाकलं तर काहीच होत नाही. खाली वाकून वस्तू बघता येत नाही, हातानं धरता येत नाही. गूगलनं डेड्रीम हा आपला याच पठडीतला पुढचा प्रयत्न 2019 मध्ये थांबवला. हे खोकं लावून कुणी "व्हीआर काही खास नाही" असं ठरवू नये. आणि ते आवडलं म्हणून लगेच महागडा हेडसेटही घेऊ नये. दोन्हींचा अनुभव एकमेकांवरून ओळखता येत नाही.

दुसरी जात स्वतंत्र हेडसेटची. प्रोसेसर, बॅटरी, कॅमेरे, सगळं आतच. मेटाचे क्वेस्ट 3 आणि क्वेस्ट 3एस यातले. नवख्या माणसानं मुख्यतः याच जातीकडं बघावं. दोन्हींत प्रोसेसर एकच आहे, त्यामुळे खेळ सारखेच चालतात. फरक भिंगांचा आणि पडद्याचा. क्वेस्ट 3 मध्ये एका डोळ्यामागं 2064 बाय 2208 ठिपके आणि पातळ "पॅनकेक" भिंगं आहेत. कडेपर्यंत स्वच्छ दिसतं. 3एसमध्ये 1832 बाय 1920 ठिपके आणि जुन्या पद्धतीची फ्रेनेल भिंगं. मधोमध छान दिसतं, कडेला पुसट होतं आणि काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती प्रकाशाच्या रेघा पसरतात. खेळ आणि व्यायाम एवढंच करायचं असेल तर 3एस पुरतो. अक्षरं वाचायची असतील, नकाशे आणि घरं दाखवायची असतील तर 3 च घ्यावा.

तिसरी जात दुसऱ्या यंत्रावर अवलंबून असलेली. सोनीच्या पीएस व्हीआर2 ला पीएस5, म्हणजे प्लेस्टेशन 5 हे सोनीचं गेम खेळायचं यंत्र, लागतं. ऑगस्ट 2024 पासून वेगळा ॲडाप्टर घेऊन तो कॉम्प्युटरला जोडता येतो, पण तिथं डोळ्यांची हालचाल टिपणं आणि हेडसेटचं थरथरणं बंद पडतं. घरात पीएस5 नसेल तर हा विचार सोडून द्या. ॲपलचा व्हिजन प्रो मात्र दुसऱ्या, म्हणजे स्वतंत्र जातीचा; तो 2024 मध्ये 3,499 डॉलरला आला. पहिला हेडसेट म्हणून त्याचा विचार करू नये.

तिसरी पायरी: आधी आपल्या डोक्यावर लावून बघा

ही पायरी गाळून हेडसेट घेऊ नका. कारण तो कसा सोसेल हे ज्याच्या त्याच्या शरीरावर असतं, आणि ते परीक्षणं वाचून कळत नाही.

डोळ्यांना आपण चाललोय असं दिसतं, पण कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो, आपण जागेवरच उभे आहोत. या विसंगतीनं मळमळतं, घाम फुटतो, डोकं जड होतं. खंडवा रोडच्या भेरूघाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी इथं विशेष सांभाळून राहावं. ज्या खेळांत आपण एका जागी उभे असतो आणि वस्तू आपल्याकडं येतात, ते सहसा सोसतात. ज्यांत हातातल्या कंट्रोलरची कांडी पुढं ढकलून पळायचं असतं किंवा गाडी, विमान चालवायचं असतं, ते त्रास देतात. बऱ्याच खेळांत पळण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी एकदम पोचायची सोय असते. सुरुवातीला तीच वापरावी. आणि मळमळ सुरू झाली की त्याच क्षणी हेडसेट काढायचा. "थोडं सहन केलं की सवय होईल" म्हणून जे रेटतात त्यांना पुढं हेडसेट नुसता बघूनही नकोसं वाटायला लागतं. पाच-दहा मिनिटांपासून वाढवत नेलं तर पुष्कळांना सवय होते, पण काहींना होतच नाही. ते घेण्याआधी कळलेलं बरं.

मॉलमधल्या गेम झोनमध्ये व्हीआर असतं. तिथं हलणाऱ्या खुर्चीतली राइड घेऊ नका, त्यातून काही कळत नाही. उभं राहून दोन्ही हातांत कंट्रोलर घेऊन खेळायचा प्रकार असेल तोच निवडा. त्याहून चांगलं म्हणजे ओळखीत कुणाकडं हेडसेट असेल, तर त्यांच्याकडं अर्धा तास मागून घ्या. चेहऱ्याला लागणारा भाग मात्र पुसून घ्या, आणि पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असेल तर मागू नका, देऊही नका.

जाण्याआधी चष्म्याच्या दुकानातून आपली पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, मोजून घ्या. मोठ्या माणसांचं ते साधारण 63 मिलिमीटरच्या आसपास असतं. क्वेस्ट 3 मध्ये चाक फिरवून भिंगं 58 ते 71 पर्यंत कुठंही लावता येतात. 3एसमध्ये 58, 63 आणि 68 अशा तीनच खाचा आहेत. तुमचं अंतर 61 किंवा 66 असेल तर 3एस लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. अंतर जुळलं नाही की चित्र अंधुक दिसतं आणि डोळे दुखतात. चष्मा असणाऱ्यांनी तो आत मावतो का हेही पाहावं. चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगावर घासली तर ओरखडा कायमचा राहतो. नंबराची जोडभिंगं मिळतात, पण तो खर्च वेगळा.

डोळ्यांबद्दल आणखी एक. हेडसेटमधलं चित्र जवळचं दाखवो की लांबचं, डोळ्यांना नजर मात्र सतत एक-दोन मीटरवरच्या एकाच ठरावीक अंतरावर स्थिर ठेवावी लागते, आणि बुबुळं तर वस्तूच्या अंतराप्रमाणं वळतात. रोजच्या जगात या दोन गोष्टी बरोबर होतात, इथं त्या सुटतात. म्हणून डोळे लवकर शिणतात. अर्ध्या तासानं विश्रांती घ्या. फिट येणारे, पेसमेकर असलेले आणि गरोदर स्त्रिया यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावू नये.

चौथी पायरी: घराकडं बघा

उभं राहून खेळायला सलग दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा लागते. राजवाड्याच्या मागच्या जुन्या घरांत छत खाली असतं, नव्या फ्लॅटमध्ये सोफा आणि टीपॉय जागा खातात. पण माझ्या मते आपल्या घरांतला खरा धोका छताचा पंखा आहे. कंपन्यांच्या जाहिरातींत पंखा नसतो. हेडसेटमधली सुरक्षेची रेघ चारी बाजूंना आखता येते, वर नाही. उंच माणसानं कंट्रोलर धरून हात वर केला की तो पात्याला लागू शकतो. खेळताना छताचा पंखा बंदच ठेवा आणि समोर टेबलफॅन लावा. त्याचा दुहेरी फायदा: मळमळ कमी होते आणि वाऱ्यावरून आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे ते कळत राहतं.

गच्चीत, गॅलरीत उन्हात हेडसेट वापरू नका, खिडकीपाशी भिंगं उघडी ठेवूनही जाऊ नका. भिंगातून ऊन आतल्या पडद्यावर एकवटतं आणि काही क्षणांतच डाग पडतो. तो वॉरंटीत धरत नाहीत.

कॉम्प्युटरवरचे खेळ बिनतारी चालवायचे असतील तर कॉम्प्युटर राउटरला तारेनं जोडलेला हवा आणि राउटर त्याच खोलीत, 5 गिगाहर्ट्झचा. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर चित्र अडखळतं.

पाचवी पायरी: पूर्ण खर्च मांडा

हेडसेटबरोबर येणारा पट्टा बहुतेकांना तासाभरात टोचायला लागतो. क्वेस्ट 3 चं वजन 515 ग्रॅम आहे आणि ते सगळं पुढं आहे. म्हणून चांगला पट्टा, घामासाठी सिलिकॉनचं कव्हर, लागलीच तर जोडभिंगं, आणि खेळ. बरेचसे चांगले खेळ फुकट नसतात, त्यांना साधारण दहा ते चाळीस डॉलर पडतात. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का तेही बघा. हेडसेटच्या किमतीवर पाव हिस्सा आणखी धरून चला. एवढे पैसे हाताशी नसतील आणि हप्ते पाडायचे असतील, तर घरखर्चाच्या गरजा आधी. हप्ता संपण्याआधी हौस संपली तर फार जड जातं.

सहावी पायरी: थांबण्याचा हिशोब

आता मूळ प्रश्न. थांबलं तर स्वस्त मिळेल का? इतिहास दोन्हीकडं बोट दाखवतो. सोनीचा पीएस व्हीआर2 फेब्रुवारी 2023 मध्ये जवळपास 550 डॉलरला आला आणि मार्च 2025 मध्ये 400 वर उतरला. उलट मेटानं क्वेस्ट 2 हा जवळजवळ दोन वर्षं जुना झालेला हेडसेट ऑगस्ट 2022 मध्ये 299 वरून 399 डॉलर केला. म्हणजे थांबलेल्यांना शंभर डॉलर जास्त पडले. त्यात आपल्याकडं रुपयाचा भाव आणि आयातीचा कर.

थांबलं तर चांगला मिळेल का? मेटाचा पहिला क्वेस्ट मे 2019 मध्ये आला, दुसरा ऑक्टोबर 2020 मध्ये, तिसरा ऑक्टोबर 2023 मध्ये, 3एस ऑक्टोबर 2024 मध्ये. दुसऱ्या-तिसऱ्यात तीन वर्षांचं अंतर. दरवर्षी सगळं बदलून टाकणारं काही येत नाही. पण दुसरी बाजूही बघा: पहिल्या क्वेस्टला नव्या सोयी 2023 पासून बंद झाल्या आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या 2024 मध्ये संपल्या. म्हणजे यंत्राचं चांगलं आयुष्य बाजारात आल्यापासून साधारण चार-पाच वर्षं. हे आयुष्य तुमच्या खरेदीच्या तारखेपासून मोजलं जात नाही, यंत्र बाजारात आलं त्या तारखेपासून मोजलं जातं. म्हणून मी असं मोजतो: मॉडेल येऊन दीड वर्षाच्या आत असेल आणि काम ठरलेलं असेल तर घ्यावा. तीन वर्षं होऊन गेली असतील, तर किंमत चांगली उतरली असेल तरच घ्यावा.

काही कारणांसाठी थांबणं योग्यच. दसरा-दिवाळीचा सेल दीड-दोन महिन्यांवर असेल तर थांबा. मुलाचं वय बसत नसेल तर थांबा. आणि एखादा जाहीर झालेला हेडसेट तुमच्या कामाला नेमका लागत असेल तर थांबा. उदाहरणार्थ, वाल्व्हनं नोव्हेंबर 2025 मध्ये स्टीम फ्रेम जाहीर केला. ज्यांच्या कॉम्प्युटरवर स्टीमवर, म्हणजे वाल्व्हच्या ऑनलाइन दुकानातून, घेतलेले भरपूर खेळ आहेत त्यांना त्यात रस असणं साहजिक आहे. पण तो परदेशात मिळायला लागला म्हणजे आपली वेळ आली असं नाही. भारतातलं बिल आणि भारतातली वॉरंटी मिळायला लागली की मग विचार करा. सॅमसंगचा गॅलेक्सी एक्सआर ऑक्टोबर 2025 मध्ये 1,799 डॉलरला आला. तो नवख्यांसाठी नाही.

थांबायचं ठरलं तर कॅलेंडरवर तारीख लिहा आणि त्या दिवशी पहिल्या पायरीचा कागद पुन्हा काढा. कागदावरचं काम तेव्हाही तसंच हवंसं वाटत असेल तर घ्या.

सातवी पायरी: कुणाकडून घ्यायचा

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये कॉम्प्युटरची आणि जेल रोडला मोबाइलची दुकानं आहेत. तिथं मागवून देणारे भेटतात, ऑनलाइनही पुष्कळ विकणारे आहेत. कुणाकडूनही घ्या, तीन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. हा माल कंपनीनं भारतात विकायला आणलेला आहे की कुणी बाहेरून आणलाय? बिघडला तर दुरुस्ती किंवा बदली कोण करणार, कंपनी की तुम्ही? जीएसटीचं पक्कं बिल मिळेल का, सीरियल नंबर टाकून? बाहेरून आणलेल्या मालावर दुकानदार "एक साल की गॅरंटी" तोंडी देतो. ती बिलावर नसेल तर धरू नका. हजार-दोन हजार वाचवण्यासाठी बिनबिलाचा माल घेण्यापेक्षा मी सहा महिने थांबेन. पक्कं बिल असलं आणि तक्रार करायची वेळ आली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.

जुना घ्यायचा असेल तर आधी मूळ मालकानं तो स्वतःच्या खात्यातून काढून कोरा करून दिलाय का बघा. पांढरा पडदा लावून डाग शोधा. उन्हानं पडलेला डाग तेव्हाच दिसतो. आणि "विंडोज मिक्स्ड रिॲलिटी" असं लिहिलेला कुठलाही हेडसेट, कितीही स्वस्त मिळाला तरी, घेऊ नका. मायक्रोसॉफ्टनं डिसेंबर 2023 मध्ये ती सोय बंद करण्याचं जाहीर केलं आणि विंडोज 11 च्या 24एच2 या आवृत्तीतून ती काढूनच टाकली. एचपीचा रिव्हर्ब जी2 दिसायला आजही सुंदर आहे, पण तो याच गटातला.

आठवी पायरी: खोकं उघडल्यावर

सील फोडण्यापासूनच मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. सीरियल नंबर दिसू द्या. त्याच दिवशी पूर्ण चार्ज करा, अपडेट करा आणि परत करायची मुदत संपण्याआधी सगळं तपासा. काळ्या आणि पांढऱ्या पडद्यावर ठिपके आहेत का. दोन्ही कंट्रोलरच्या कांड्यांना हात न लावता चित्र आपोआप सरकतंय का. खोलीत दिवा लावलेला असताना हात डोक्यावर, पाठीमागं नेले तर दिसेनासे होतात का. दोन्ही कानांत आवाज सारखा येतो का. बॅटरी दीड तास तरी टिकते का. पहिल्या आठवड्यात कुणीही एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त लावू नये, आणि ज्याला मळमळलं त्यानं त्या दिवशी पुन्हा लावू नये. घरात ज्याच्यासाठी घेतलाय त्याला तो सोसत नाही असं या आठवड्यातच दिसलं, तर मुदत शिल्लक असेपर्यंत परत करा.